रॅम्प आहे हो आमच्याकडे!

"आमच्याकडे रॅम्प आहे ना" हे ऐकलं की आता डोकंच फिरतं. असतो ना, पण त्याच्या तोंडाशी कुणाची तरी बाईक आडवी लावलेली, नाहीतर साखळीला कुलूप आणि चावीवाला माणूस नेमका जेवायला गेलेला. उतार तर विचारू नका, फूटभर चढायला किमान बारा फूट लांबी हवी हे साधं गणित, आणि यांचा रॅम्प असा की व्हीलचेअर वर जायच्या आधीच मागे येते. अपंगांचं टॉयलेट उघडलं तर आत झाडू, बादल्या, फिनेलचे कॅन.

वर बोलणार तेही माझ्याशी नाही, खुर्ची ढकलणाऱ्याशी. "यांना काय हवंय?" अहो मी इथेच बसलेय, पाय चालत नाहीत, कान ठणठणीत आहेत!

बरं, १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात भेदभावाचं दुसरं कलम काढून बघा. वंश, रंग, लिंग, भाषा, धर्म सगळं आहे, अपंगत्वाचं नाव नाही, आम्ही आपले "इतर" मध्ये. संयुक्त राष्ट्रांत आमचा वेगळा करार मंजूर व्हायला २००६ उजाडलं, त्यात सार्वजनिक जागी विनाअडथळा जाता यावं असं स्पष्ट लिहिलंय, आणि इकडे अजून "थांबा, चार पोरं बोलावतो, उचलून नेतील" चालूच आहे. नको म्हटलं की मीच माजोरडी. म्हणजे वाट यांनी अडवायची आणि वर थँक्यू मी म्हणायचं!