अंतःकरण आणि उपासनेची रीत : एका वाचकबंधूंच्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रिय बंधू,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम नमस्कार. रविवारच्या उपासनेविषयी मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नागपुरातील आपल्या अनेक मंडळ्यांत गायनाचा वेळ वाढत चालला आहे, शास्त्रवाचन एखाद्या वचनावर येऊन थांबले आहे, मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची, प्रार्थना घाईघाईत उरकली जाते आणि मंडळी हळूहळू श्रोतृवर्ग होऊ लागली आहे. अशी उपासना पवित्र शास्त्राला धरून नाही, असे मी म्हटले होते. त्यावर तुमचे म्हणणे असे की परमेश्वर अंतःकरण पाहतो, रीत पाहत नाही; दावीद राजा तर परमेश्वरापुढे देहभान विसरून नाचला; ठरलेल्या क्रमाची उपासना हा साहेबांनी दिलेला वारसा आहे, शास्त्राने दिलेला नव्हे; ड्रम आणि गिटार काढून घेतले तर तरुण मुले मंडळीतून निघून जातील; आणि दुसऱ्याची उपासना तोलण्याचा अधिकार मला कोणी दिला, असा प्रश्नही तुम्ही शेवटी विचारला आहे.

परमेश्वर अंतःकरण पाहतो, यात शंका नाही. पण ते वाक्य ज्या प्रसंगी आले तो प्रसंग आठवा. इशायाच्या घरी शमुवेल राजाची निवड करायला गेला आहे, थोरल्या अलीयाबाची उंची आणि रूप पाहून त्याचे मन तिकडे झुकले आहे आणि तेव्हा परमेश्वर त्याला आवरतो (१ शमुवेल १६:७). तेथे प्रश्न माणूस निवडण्याचा आहे, उपासना कशी करावी याचा नाही. उपासनेच्या संदर्भात अंतःकरणाचा विषय खुद्द प्रभूने काढला तो मार्क ७ मध्ये, यशया संदेष्ट्याच्या शब्दांत: हे लोक ओठांनी माझा सन्मान करतात, परंतु त्यांचे अंतःकरण माझ्यापासून दूर आहे. अंतःकरण दूर गेल्याची खूण म्हणून प्रभू तेथे काय दाखवतो? त्यांनी देवाची आज्ञा सोडली आणि माणसांची परंपरा धरली, आईबापांना द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण केलेले, म्हणून अडवून ठेवले. म्हणजे अंतःकरण आणि आज्ञा या प्रभूच्या दृष्टीने एकमेकींपासून सुटणाऱ्या गोष्टी नाहीत. आज्ञा सुटली की अंतःकरणही दूर गेलेले असते.

योहान ४ चा आधारही तुम्ही घेतला आहे. ‘देव आत्मा आहे, आणि त्याच्या उपासकांनी आत्म्याने व खरेपणाने त्याची उपासना केली पाहिजे’ या वचनावरून तुम्ही असा अर्थ काढता की मनात भाव असला म्हणजे बाकी सर्व मोकळे. विहिरीवरच्या त्या शोमरोनी स्त्रीने विचारले होते ते ठिकाणाविषयी: आमचा हा डोंगर खरा की तुमचे यरुशलेम? ठिकाणाचे बंधन प्रभूने खरोखरच काढून टाकले आणि म्हणूनच आज सदरमधल्या जुन्या दगडी चर्चमध्ये किंवा एखाद्या वस्तीतल्या पत्र्याच्या शेडखाली केलेली उपासना सारख्याच मोलाची आहे. परंतु त्याच संभाषणात, त्या वचनाच्या अगदी आधी, प्रभू तिला स्पष्ट सांगतो की तुम्ही ज्याला ओळखत नाही त्याची उपासना करता. देवाने स्वतःविषयी जे प्रकट केले ते जाणून घेतल्याशिवाय खरेपणाची उपासना होत नाही. मग ज्या सभेत देवाचे वचन सर्वांत कमी ऐकू येते, त्या सभेतल्या लोकांनी त्याला जाणावे तरी कसे?

आता दावीदाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या प्रतिक्रियेतला हा सर्वांत जोरकस मुद्दा आहे आणि माझ्या मते तोच तुमच्या विरोधात जातो. २ शमुवेल ६ हा अध्याय पहिल्या वचनापासून वाचा. दावीद परमेश्वराच्या कराराचा कोश, म्हणजे ती पवित्र पेटी, आणायला पहिल्यांदा निघाला तेव्हाही नाचगाणे होतेच. वीणा, सारंग्या, डफ, झांजा सर्व काही होते आणि उत्साहाला तोटा नव्हता. कोश मात्र नव्या गाडीवर ठेवला होता. ही गाडीची पद्धत पलिष्ट्यांची, म्हणजे इस्राएलाच्या शत्रूंची. त्यांनी कोश परत पाठवला तो असाच. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे तो कोश लेव्यांपैकी, म्हणजे उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशापैकी, कहाथाच्या वंशजांनी दांड्यांनी खांद्यावर वाहायचा होता आणि त्याला हात लावायचा नव्हता. बैल अडखळले, उज्जाने हात पुढे केला आणि तो तेथेच मरण पावला. दावीद घाबरला, रागावला आणि कोश तीन महिने ओबेद-अदोमाच्या घरी राहिला. त्यानंतर काय झाले ते १ इतिहास १५ मध्ये आहे. दावीद लेव्यांना बोलावून सांगतो की आपण परमेश्वराला विधीप्रमाणे शरण गेलो नाही म्हणून त्याने आपल्याला तडाखा दिला. मग लेवी कोश खांद्यावर घेतात, गायक व वाजवणारे नेमले जातात आणि त्यानंतर दावीद तागाचे एफोद (याजकाचे वस्त्र) घालून सर्व बळाने नाचतो. ज्या नृत्याचा तुम्ही दाखला देता, ते रीत सुधारल्यानंतरचे नृत्य आहे. आनंद आणि आज्ञापालन त्या दिवशी एकत्र चालले. आणि सोहळा संपल्यावर त्याने तेथे जमलेल्या प्रत्येक पुरुषाला व स्त्रीला भाकर वाटली, हेही विसरू नये. दावीदाची पत्नी मीखल हिला त्या दिवशी फक्त नाच दिसला, पण अध्यायात सर्व लोक आहेत.

ठरलेल्या क्रमाविषयी तुमचे म्हणणे अर्धे मान्य करण्याजोगे आहे. आपल्या शहरात १८४५ साली आलेले स्टीफन हिस्लॉप ज्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी होते, त्या मंडळीत त्या काळी वाद्याविना स्तोत्रे गात असत. तेव्हा ऑर्गन म्हणजे पवित्र आणि ढोलक म्हणजे अपवित्र असे मानणाऱ्यांना शास्त्राचा आधार नाहीच, त्यांच्या परंपरेचाही पूर्ण आधार नाही. स्तोत्र १५० मध्ये कर्णा, सतार, वीणा, डफ, बासरी, झणत्कारणाऱ्या झांजा, सगळ्यांना बोलावणे आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत ज्यांच्या हाती नवा करार पडला, त्या नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले आणि मराठी मंडळीची जीभ मोकळी केली. वाद्यांविरुद्ध माझी तक्रार नव्हती आणि आजही नाही.

परंतु क्रम हाच मुळी परका, हे मला मान्य नाही. यरुशलेमातील पहिली मंडळी प्रेषितांच्या शिक्षणात, सहवासात, भाकर मोडण्यात व प्रार्थना करण्यात तत्पर असे (प्रेषितांची कृत्ये २:४२). इ. स. १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने सम्राटाला उद्देशून रविवारच्या सभेचे वर्णन लिहिले आहे. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात, मग अध्यक्ष बोध करतो, मग सर्व जण उभे राहून प्रार्थना करतात, भाकर व द्राक्षारस आणला जातो, लोक ‘आमेन’ म्हणतात, आणि जमा झालेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परके यांची काळजी घेतली जाते. ‘वेळ असेल तोवर’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. इंग्लंडात इंग्रजी भाषासुद्धा जन्मली नव्हती तेव्हाची ही गोष्ट आहे. आणि क्रम म्हणजे एकच साचा असेही नाही: २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरातच सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा अँग्लिकन आणि बॅप्टिस्ट, मेथडिस्ट आणि ब्रदरन अशा वेगवेगळ्या रीतींचे लोक एका छताखाली आले, बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा हे दोन्ही त्या मंडळीने मान्य केले. रीतींमध्ये फरक असू शकतो, वचन, प्रार्थना व प्रभुभोजन यांना मात्र पर्याय नाही.

आत्मा मोकळा आहे, त्याला क्रमात बांधू नये, असेही तुम्ही लिहिता. करिंथ येथील मंडळीचेही नेमके हेच म्हणणे असावे. पौल त्यांना कृपादाने वापरू नका असे म्हणत नाही. अन्य भाषांत बोलायचे तर दोघांनी, फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीने बोलावे, अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावे, असे सांगतो. संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात, कारण देव अव्यवस्थेचा देव नाही. त्या संपूर्ण अध्यायात (१ करिंथ १४) पौलाजवळ एकच मोजमाप आहे आणि तो ते पुन्हा पुन्हा लावतो: याने मंडळीची उन्नती होते का? शेजारी बसलेल्या साध्या माणसाला तुझी उपकारस्तुती कळली नाही, तर तो ‘आमेन’ कसे म्हणेल? ज्या शहरात एकाच बाकावर मराठी बोलणारी आजी, छत्तीसगडहून आलेले कुटुंब आणि इंग्रजी शाळेत शिकणारी नात बसतात, तेथे हा प्रश्न आपल्यालाच विचारलेला आहे असे समजावे.

मी पाहिलेले सांगतो. मंडळीचे नाव सांगण्याचे कारण नाही. गाणे मुख्य गायकाच्या गळ्याला सोयीच्या वरच्या पट्टीत धरलेले होते, स्पीकरचा आवाज इतका की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येऊ नये. पहिल्या कडव्याला बहुतेक जण गात होते. तिसऱ्या गाण्यापर्यंत मागच्या निम्म्या बाकांवरील ओठ मिटले होते आणि काही हात टाळीऐवजी मोबाइलवर चित्रण करण्यात गुंतले होते. ज्यांच्या घरी त्याच आठवड्यात माती झाली होती असे एक कुटुंब डावीकडे बसले होते. मंचावरून हसतमुखाने हात उंचावण्याची सूचना झाली, तेव्हा त्या घरातल्या मुलाने एकदा आईकडे पाहिले आणि हात वर केला; आई तशीच बसून राहिली. त्या दिवशी तिच्यासाठी उपासनेत एकही शब्द नव्हता.

पवित्र शास्त्रात मात्र तिच्यासाठी पुष्कळ शब्द आहेत. स्तोत्रसंहितेचा केवढा तरी भाग विलापाचा आहे. स्तोत्र १३ ‘हे परमेश्वरा, किती वेळ?’ असे विचारते. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एक ओळसुद्धा जोडलेली नाही, आणि तरीही ते देवाच्या लोकांनी एकत्र म्हणायचे स्तोत्र म्हणून जपले गेले. वधस्तंभावर प्रभूच्या ओठी आले ते स्तोत्र २२ चे पहिले वाक्य. जी मंडळी आठवड्यामागून आठवडे केवळ विजयाची गीते गाते, ती दुःखी माणसाला नकळत सांगते की आधी बरा हो, मग ये. तुमच्या प्रतिक्रियेत ‘वातावरण’ हा शब्द अनेकदा आला आहे. वातावरण निर्माण करण्याची आज्ञा मला नव्या करारात सापडत नाही. रडणाऱ्यांबरोबर रडण्याची सापडते (रोम १२:१५).

आमोस संदेष्ट्याद्वारे परमेश्वर म्हणतो की तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. याकोब आपल्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्या सभेला दोषी ठरवतो. करिंथ येथे प्रभुभोजन बिघडले ते विधी चुकल्यामुळे नव्हे, तर ज्यांच्याजवळ होते ते आधी जेवून घेत आणि ज्यांच्याजवळ नव्हते ते उपाशी राहत म्हणून. मेडिकल किंवा मेयो या रुग्णालयांत रुग्ण दाखल करून रविवारी आपल्या चर्चमध्ये येऊन बसलेल्या परगावच्या माणसाची कोणी विचारपूस केली का, त्याच्या रुग्णाचे नाव प्रार्थनेत आले का, हा उपासनेचाच प्रश्न आहे. म्हणूनच मध्यस्थीच्या प्रार्थनेला वेळ द्या, असा माझा आग्रह आहे. १ तीमथ्य २ मध्ये ती सर्व माणसांसाठी सर्वांत आधी सांगितलेली आहे.

तरुणांविषयी तुमची काळजी मी समजू शकतो, ती माझीही आहे. परंतु ज्या तरुणाला आपण केवळ आवाजाच्या बळावर धरून ठेवले आहे, तो अधिक चांगला आवाज मिळेल तेथे जाणारच. त्यालाच शास्त्रवाचनाला उभे करा; तरुण संघातील मुलामुलींनी संपूर्ण अध्याय आधी घरी वाचून, नीट अर्थ लावून मंडळीपुढे वाचला, तर नहेम्या ८ मध्ये लेव्यांनी केले तेच ते करतील, आणि लोक ते वाचन ऐकून रडले होते.

तोलण्याच्या अधिकाराविषयी. १ करिंथ १४:२९ मध्ये संदेष्ट्यांनी बोलावे आणि इतरांनी पारख करावी असे म्हटले आहे. हा अधिकार मंडळीला दिलेला आहे, त्यात तुम्हीही आहात आणि मीही. म्हणूनच तुम्ही माझ्या लेखाची पारख केलीत याचा मला राग नाही. माणसाच्या अंतःकरणाचा न्याय मी केलेला नाही आणि करणार नाही. मंचावर गाणाऱ्या त्या मुलांचे प्रभूवर प्रेम आहे, हे मी मानतो. आपण सर्वांसमोर जे करतो ते मात्र सर्वांसमोर तपासले गेले पाहिजे.

‘मग आम्ही नेमके काय बदलायचे’ असे तुम्ही विचारले आहे, म्हणून सांगतो. ड्रम राहू द्या, पण आवाज इतकाच ठेवा की मंडळीला मंडळीचे गाणे ऐकू येईल. पट्टी एक-दोन स्वर खाली घ्या. हिंदी गीतांबरोबर एक तरी जुने मराठी भजन असे घ्या की जे आजींना पुस्तक न उघडता येते. जुन्या करारातून एक, नव्यातून एक असे पूर्ण उतारे वाचा, आणि दर महिन्यात एखादे विलापाचे स्तोत्र सर्वांनी मिळून म्हणा. प्रार्थनेत आजाऱ्यांची नावे घ्या. प्रभुभोजनाच्या रविवारी गाणी कमी करा, पण पापांगीकार आणि स्वतःची परीक्षा करण्याचा निवांत वेळ कमी करू नका. तुमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांपुढे आणि वडिलांपुढे हे मांडायचे ठरवलेत तर मला कळवा. उताऱ्यांची निवड करून द्यायला मी आनंदाने येईन.

प्रभूमध्ये तुमचा बंधू