घोडा बघून येतो

‘ग्रुप टूर’ म्हटलं की आईच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं. पुढे झेंडा धरलेला मॅनेजर, मागे एकसारख्या टोप्या घातलेले चाळीस जण आणि सकाळी सातला परक्या देशात वाफाळता उपमा. म्हणून ग्रुपबरोबर मंगोलियाला चाललोय म्हटल्यावर ती निर्धास्त झाली.

“कोण कोण आहे ग्रुपमध्ये?”

“चौदा जण. सगळे पुरुष.”

“बायकांना नाही आणलं कुणी?”

“नाही.”

“बरं केलं. खरेदीत वेळ जात नाही मग.” जरा थांबून म्हणाली, “तो आहे ना बरोबर? मग मला घोर नाही.”

‘तो’ म्हणजे आमचे हे. अकरा वर्षं आम्ही एका घरात राहतो. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. आमच्याकडे आई जावयाचं घेत नाही. कारण तो जावई आहे, हे आम्ही तिघांनीही अजून मोठ्याने म्हटलेलं नाही.

सहल खास गे पुरुषांची होती. अशा सहली असतात आणि त्या महाग असतात, हे दोन्ही मला चाळिशी उलटल्यावर कळलं. आपल्याकडे हॉटेलच्या काउंटरवर “सर, डबल बेड आहे, चालेल की वेगळे करून देऊ?” असं विचारलं की आम्ही दोघं एकाच वेळी दोन वेगळी उत्तरं देतो. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये कलम ३७७ मधून आमची सुटका केली, पण त्या काउंटरवरच्या पोराने अजून केलेली नाही. म्हटलं, एकदा तरी असं फिरू की कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आईने छत्री आणली. जुलै महिन्यात माणूस बिनछत्रीचा घराबाहेर पडतो, ही कल्पनाच तिला सोसत नाही.

“आई, वाळवंट आहे ते.”

“असू दे. तिथे काय पाऊस वर्ज्य आहे?”

छत्री तुळशीबागेतली, आठ पाकळ्यांची, प्रत्येक पाकळीचा रंग वेगळा. “काळ्या छत्र्या सगळ्यांच्या सारख्याच. ही हरवली तर लांबूनसुद्धा ओळखशील.” मी पुण्यातल्या प्राइडला, म्हणजे आमच्या लोकांच्या इंद्रधनुषी मिरवणुकीला, दोनदा गेलोय, दोन्ही वेळा टोपी, गॉगल आणि मास्क लावून. त्या माझ्या बॅगेत माझ्या आईने स्वतःच्या हाताने इंद्रधनुष्य कोंबलं. हसण्याच्या भरात ह्यांच्याकडून बॅगेची चेन तुटली.

उलानबातरला पहिल्या संध्याकाळी गाइडने आमची शाळा घेतली. गाइड एक तिशीची, ठणठणीत आवाजाची मुलगी. तिने सांगितलं की इथे हा गुन्हा नाही. राजधानीत एलजीबीटी सेंटर आहे, अर्ज पुन्हा पुन्हा फेटाळले गेल्यावर २००९ मध्ये त्याची नोंदणी झाली. द्वेषातून केलेल्या गुन्ह्यांबद्दल २०१७ पासून कायद्यात तरतूद आहे. लग्नाला मात्र मान्यता नाही. “आणि गोबीत कुणी विचारलंच, तर तुम्ही सगळे मित्र आहात.” बारा जणांचे चेहरे उतरले. आम्ही दोघं मात्र एकदम सैल झालो. सबंध ग्रुपमध्ये ज्यांची ह्या भूमिकेची तालीम आधीच पुरी झालेली होती, असे आम्हीच दोघं.

डबल बेडचं म्हणाल, तर तोही राहिलाच. गोबीतल्या दालानझादगादला विमानातून उतरून पहिल्या मुक्कामाला पोचलो तर गेरमध्ये भिंतीलगत दोन अरुंद खाटा, एक पश्चिमेला, एक पूर्वेला. गेर म्हणजे लाकडी जाळीवर लोकरीचा जाड नमदा गुंडाळलेलं गोल घर. मधोमध चूल आणि छताला आधार द्यायला दोन खांब. दार दक्षिणेला. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, हे आम्हाला शिकवावं लागलं नाही. पण त्या दोन खांबांच्या मधूनही जायचं नाही, म्हणे. म्हणजे आयुष्यात प्रथमच राजरोस एका खोलीत उतरलो, तर ह्यांच्या खाटेपर्यंत जायला मला चुलीला वळसा घालून प्रदक्षिणा करावी लागत होती. एका ऑस्ट्रेलियन काकांनी तक्रार केली, तेव्हा गाइड म्हणाली, “चंगीझ खानाच्या वेळेपासून हे असंच आहे.” ह्यावर काका काय बोलणार?

असो. मला सांगायचंय ते आडोशाबद्दल.

मंगोलिया महाराष्ट्राच्या पाचपट आहे आणि माणसं ३५ लाखांच्या आसपास, त्यातली निम्मी राजधानीत. उरलेल्या जागेत उरलेली माणसं वाटली की दर माणशी जे येतं, त्याला क्षितिज म्हणतात. गोबी म्हणजे नुसते वाळूचे डोंगर, असं मला वाटत होतं. तसे डोंगर आहेत, खोंगोरीन एल्सला आहेत, वारा सुटला की ती वाळू विमानासारखी घुमते. पण बाकी बहुतेक गोबी म्हणजे खडी. सपाट, तपकिरी, पोळपाटासारखी खडी, त्यावर घोट्याएवढं गवत, आणि त्यातून रस्ता नावाची काही वस्तू नसताना रशियन व्हॅन हाकणारा ड्रायव्हर.

पहिल्या दिवशी दोन तासांनी व्हॅन थांबली. “ज्यांना घोडा बघायचाय त्यांनी बघून या,” गाइड म्हणाली. मी कॅमेरा काढून उतरलो. घोडा कुठेच नव्हता. मंगोल भाषेत घोड्याला ‘मोर’ म्हणतात, आणि ‘घोडा बघून येतो’ म्हणजे आपलं ‘परसाकडे जाऊन येतो’. रीत अशी की पुरुष गाडीच्या एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. ग्रुपमधल्या ब्राझीलच्या मुलाने शंका काढली, “मग आम्ही कुठल्या बाजूला?” गाइडने शांतपणे उत्तर दिलं, “दोन्ही तुमच्या. मी आपलं बघते.” तिचं बरोबर होतं. तिच्या अंगात देल होता, म्हणजे घोट्यापर्यंतचा मंगोल अंगरखा. ती पन्नास पावलं गेली, देल पसरून बसली, उठली, परत आली. आमची आजी नऊवारीत एसटीच्या थांब्यामागे हेच करायची. जीन्स शिवणाऱ्यांनी ह्या बाबतीत मानवजातीचं फार नुकसान केलंय.

एक नंबरचं निभलं. पाठ करून उभं राहिलं की भागतं. दोन नंबरला मात्र माणसाला चारी बाजू असतात.

मी चालत सुटलो. शंभर पावलांवर मागे वळून पाहिलं तर व्हॅन तेवढीच. तीनशे पावलांवर पाहिलं तरी तेवढीच, आणि खिडकीतला ऑस्ट्रेलियन काका मला हात करतोय. हवा इतकी स्वच्छ की अंतर पडतच नाही. शेवटी एक झागचं झुडूप दिसलं, गुडघ्याएवढं. त्याच्यामागे बसण्याची तयारी केली, तर त्याच्यामागे आधीच एक बोकड होता. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी सॉरी म्हणून परत आलो.

“झालं?” ह्यांनी विचारलं.

“आडोसाच नाही रे कुठे.”

“कोण बघतंय तुला?”

“तेरा जण!”

“एवढे पैसे त्यांनी तुला बघायला भरलेत होय?” हे मूळचे सांगलीचे. त्यांच्या पोटाला आणि मनाला आडोसा लागत नाही.

बायनझागला मात्र मला आशा होती. तिथे लालभडक कडे आहेत, घळी आहेत, कोपरे आहेत. पण १९२३ मध्ये रॉय चॅपमन अँड्र्यूज ह्या अमेरिकन संशोधकाच्या मोहिमेला डायनासोरची अंडी तिथेच मिळाली, त्यामुळे तिथे घोडा बघायला सक्त मनाई. मग नाइलाजाने माहिती ऐकली. ती अंडी भलत्याच डायनासोरची समजली गेली, आणि त्यांच्यावर एक वेगळाच सांगाडा सापडला. लोक म्हणाले, हा दुसऱ्याची अंडी चोरायला आला असणार. नावच ठेवलं ओव्हिरॅप्टर, अंडीचोर. सत्तर वर्षांनी, १९९३ मध्ये, गोबीतच तसल्या अंड्यात पिल्लाचा सांगाडा मिळाला आणि कळलं की अंडी त्याच्याच जातीची होती. बिचारा उबवत बसला असेल आणि नाव पडलं चोर. “असले गुन्हे आपल्यावरही दाखल आहेत,” ग्रुपमधला एक जर्मन वकील पुटपुटला. नाव अजून बदललेलं नाही. शास्त्रात एकदा लागलेलं नाव निघत नाही म्हणे.

चौथ्या दिवशी आम्ही एका पशुपालक कुटुंबाकडे गेलो. लांबूनच गाइडने “नोखोई खोर!” अशी आरोळी दिली, म्हणजे ‘कुत्रं आवरा!’. तिकडे कुणाच्या घराजवळ जाताना असंच ओरडायचं असतं. मला ही पद्धत पुण्यात आणावीशी वाटते. घरात आजी, तिचा मुलगा, सून, नातू, चारशेच्या वर शेळ्या-मेंढ्या आणि दोन वशिंडांचे उंट. छतावर सोलर पॅनल, नातवाच्या हातात मोबाइल. आम्ही ‘एनेत्खेग’चे, म्हणजे हिंदुस्थानातले, हे कळताच आजीने हात जोडले आणि “एलचिन बग्श” म्हणून दाराच्या समोरच्या देव्हाऱ्याकडे बोट केलं. लडाखचे कुशोक बकुला रिंपोछे १९९० पासून दहा वर्षं तिथे भारताचे राजदूत होते, त्यांना ते लोक ‘राजदूत गुरुजी’ म्हणतात. एलचिन म्हणजे आपल्या बखरीतला एलची. ह्या आनंदात मी समोर आलेला वाडगा उजव्या हाताने घेतला, डाव्या हाताचा कोपराला टेकू दिला आणि एका दमात संपवला.

ते खोरमोग होतं. उंटिणीचं आंबवलेलं दूध. चव शिळ्या ताकाची, पण आत शिरल्यावरचं वर्तन सोड्याचं. वाडगा रिकामा दिसला की आजी भरायची. नाही म्हणणं वाईट दिसतं, हे मला माहीत होतं. ओठ टेकवून खाली ठेवलं तरी चालतं, हे गाइडने तिसऱ्या वाडग्यानंतर सांगितलं.

वीस मिनिटांत पोटात नादाम भरला. नादाम म्हणजे त्यांचा जुलैतला उत्सव: कुस्ती, घोड्यांच्या शर्यती आणि तिरंदाजी. माझ्याकडे तिन्ही चालू होतं. त्यांच्या घरामागे दोन फळ्यांचा जोरलोन, म्हणजे संडास होता, पण त्यात जर्मन वकील होता आणि तोही तीन वाडगे प्यायलेला. मी व्हॅनकडे धावलो, बॅग उघडली, आणि हाताला आईची छत्री लागली. आडोसा! गोबीत आलो त्या दिवसापासून माझा आडोसा माझ्याच बॅगेत होता.

दोनशे पावलं पळालो, छत्री उघडली, घरांच्या दिशेने आडवी धरली आणि बसलो. काय सांगू ते सुख. नंतर ग्रुपने फोटो दाखवले. मैलोन्‌मैल तपकिरी जमीन आणि मधोमध लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा आणि दोन तऱ्हांचा गुलाबी घुमट. लपण्यासाठी मी ओम्नोगोवी प्रांतातली सर्वांत ठळक वस्तू निवडली होती.

मग वारा आला. छत्री आधी उलटी झाली, मग हातातून सुटली आणि चाकासारखी गडगडत शेळ्यांच्या कळपात शिरली. चारशे शेळ्या चारशे दिशांना. कुत्रं, जे आम्ही आवरायला सांगितलं होतं, ते सुटलं. आणि मी जिथे होतो तिथेच, कारण त्या अवस्थेत माणूस दुसरीकडे कुठे असणार? घराच्या दिशेने टाळ्या ऐकू आल्या. आयुष्यात कधी प्राइडमध्ये मिळाल्या नाहीत एवढ्या.

तेवढ्यात आमचे हे पाण्याची बाटली घेऊन धावत आले. काही न बोलता बाटली खाली ठेवली, माझ्याकडे पाठ केली आणि दोन्ही हातांनी जॅकेटची टोकं ताणून उभे राहिले. वाऱ्यात जॅकेट फडफडत होतं.

“झालं की सांग. हात दुखतायत.”

परत गेलो तोवर नातवाने मोटरसायकलवरून छत्रीचा पाठलाग करून ती आणली होती, काड्या सरळ केल्या होत्या आणि भर मैफिलीत आजीच्या मांडीवर ठेवली होती. आजी एकेका पाकळीवरून बोट फिरवत होती. मग तिने माझ्याकडे पाहून काहीतरी विचारलं. माझं उत्तर तयार होतं. मित्र. कॉलेजपासूनचे. गाइडने भाषांतर केलं, “आजी विचारतायत, तुम्हा दोघांची मिळून जनावरं किती?”

“दोघांची म्हणजे?”

“तुमची आणि तो पाणी घेऊन धावला त्याची.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे सुतेई त्साई पीत होते. दूध-मिठाचा तो चहा त्यांना आवडू लागला होता, हा त्यांचा दोष मी पोटात घालतो.

“एक मांजर,” मी खरं ते सांगितलं.

भाषांतर झालं. घरात शांतता पसरली. त्यांच्याकडे घोडा, उंट, गाय, मेंढी आणि शेळी अशी पाच जनावरं जनावरांत मोजतात. मांजर कशातच येत नाही. सुनेने सासूकडे पाहिलं. दोन थोराड पुरुष, अकरा वर्षांचा संसार आणि मिळकत एक मांजर. आजीने हळहळून मान हलवली आणि अरूलची, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या खड्यांची, भलीमोठी पिशवी माझ्या हातात दिली. मग छत्रीकडे बोट करून काहीतरी म्हणाली.

“ही राहू दे का म्हणतायत.”

निघताना व्हॅन वळली तेव्हा आजी घरामागे चालली होती. पुरेशी लांब गेल्यावर तिने छत्री उघडली, आमच्या दिशेने आडवी धरली आणि ती छत्रीआड दिसेनाशी झाली. चौदा जणांनी एकसाथ माना दुसरीकडे वळवल्या.

संध्याकाळी गावाजवळ रेंज आली तसा आईला फोन लावला.

“पाऊस आहे का?”

“नाही गं. आणि ऐक, छत्री राहिली एका घरी.”

“वाटलंच मला. एवढी उठून दिसणारी घेतली तरी विसरलास!” मग पलीकडे भांड्यांचा आवाज, नळ बंद केल्याचा आवाज. “त्याने आणलीय ना त्याची?”

“आणलीय.”

“मग एकीत भागवा दोघं. आणि त्याला सांग, तुझ्या बाजूला जास्त धर म्हणावं, तुला लगेच सर्दी होते.”