डाएट माझं, परात तिची

तर झालं असं की मागच्या वर्षी ऑफिसच्या चेकअपमध्ये माझं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी) आलं 6.2. डॉक्टर म्हणाले 5.7 ते 6.4 म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाचा उंबरठा, घाबरू नका पण आता तरी सुधरा. मी घाबरलो नाही, थेट सुधारकच झालो, तेही अख्ख्या घराचा.

पहिल्या आठवड्यात डॉ. दीक्षितांचा प्लॅन सुरू. दोन वेळा जेवायचं, 55 मिनिटांत आटपायचं, मधे पाणी, पातळ ताक नाहीतर बिनसाखरेचा कोरा चहा. आमची ही पहिल्यापासून आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांच्या पार्टीतली, थोडं थोडं खा, तूप खा, भाताला घाबरू नका. काही वर्षांपूर्वी अख्खा महाराष्ट्र व्हॉट्सॲपवर ह्यावरून भांडला होता, आमच्याकडे ते भांडण जरा उशिरा पोचलं एवढंच. (मला दोघांबद्दल आदर आहे, कमेंटमध्ये कृपया सुरू होऊ नका.)

मी दोनदा जेवतोय ह्याचं हिला काहीच नव्हतं. बिनसलं ते लेकीच्या डब्यावरून. ती नऊ वर्षांची. दुधातली ती चॉकलेटची पावडर बंद कर म्हटलं तर ही लगेच हो म्हणाली, उलट तिनेच सांगितलं की असल्या पावडरी 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका असं 2024 ला केंद्राने ऑनलाइन दुकानांना कळवलंय. मला जोर चढला. म्हटलं मग हिचं शाळेतून आल्यावरचं खाणंही बंद करू, दोनच जेवणं. ही शांतपणे म्हणाली, "अरे तो प्लॅन अठराच्या खालच्यांना नाहीच. व्हिडिओ एवढे बघतोस ना, मग नीट तरी बघ." बघितलं. बरोबर होतं तिचं. गप्प बसलो, दोन दिवस.

मग ज्वारी. मी रत्नागिरीकडचा, भात नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. ही मंगळवेढ्याची, मालदांडी ज्वारीच्या गावची. 2016 ला तिथल्या ज्वारीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा हिच्या माहेरी कोणाला पत्ताही नव्हता, ते आपले रोजची भाकरी खात होते. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यातली तेरा वर्षं हिने भाकरी केली की मी तोंड वाकडं करायचो, आणि आता मीच हिला फायबर म्हणजे काय ते समजावत होतो, मंगळवेढ्याच्या बाईला, विचार करा. वर चारशे रुपये किलोचा किनोआ आणला तो वेगळाच, अजून डब्यात पडून आहे.

एके दिवशी ही बँकेतून साडेसातला आली, डोंबिवलीच्या गर्दीतून, आणि मी सोफ्यावरून म्हटलं, आज गरम भाकरी कर ना. हिने पर्स ठेवली, आत गेली, परात आणून माझ्या मांडीवर ठेवली.

"थाप."

लोकहो, भाकरी हा प्रकार पोळीसारखा करून ठेवता येत नाही. उकळतं पाणी, हात भाजतोय तरी तळव्याने पीठ मळायचं, एक थापायची तोवर तव्यावरची बघायची, वरून पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटली तर चिकटते, उशीर झाला तर तडकते. माझी पहिली उचलतानाच दोन तुकडे झाली. चौथी थोडी फुगली तर मी आईला फोटो पाठवला. आणि त्या आनंदात तीन खाल्ल्या, दोन तासांनी बोट टोचलं तर साखर 188! ही म्हणाली ज्वारी आहे ती, औषध नाही, एक खा आणि भाजी दोन वाट्या घे.

लोक म्हणतात नवरा-बायकोचं हेल्दी काय ह्यावरून पटत नाही. आमच्याकडे तरी तसं नव्हतं. माझं प्रत्येक 'हेल्दी' म्हणजे हिचं एक काम वाढत होतं, मटकी भिजवा, मोड आणा, कोशिंबिरी चिरा, दोन भाज्या करा, आणि मी काय करत होतो, तर बिस्किटाच्या पुड्यावर मैदा पहिला लिहिलाय म्हणून मोठ्याने वाचून दाखवत होतो (जे जास्त ते आधी लिहितात, हे ज्ञानही मीच सगळ्यांना दिलं). वैताग तिला ज्वारीचा नव्हता हो, माझ्या सोफ्याचा होता.

तेलाचंही तेच. पंतप्रधानांनी 10 टक्के तेल कमी करा सांगितलं ते मी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड केलं आणि माझं कर्तव्य संपलं. हिने काय केलं, तर पाच लिटरच्या जारवर मार्करने उघडल्याची तारीख लिहिली आणि बाटलीतून ओतायचं बंद करून चमच्याने घालायला लागली. आधी जार 27 दिवस जायचा, आता 38. एका शब्दाने बोलली नाही. मला पुढच्या जारवर तारीख दिसली तेव्हा कळलं.

परवाचं एचबीएवनसी 5.8. मी म्हणतो प्लॅन, ती म्हणते तेल, लेक म्हणते बाबा आता वडापाव आणा.

आठवड्यातून तीन दिवस भाकरी माझ्याकडे असते. कडांना अजून चिरा पडतात. सासूबाई म्हणतात पाणी नीट उकळत नाही, ही म्हणते पिठाची विरी (चिकटपणा) गेलीय, थोडंच दळून आणत जा. कोणाकडे खात्रीचा उपाय असेल तर सांगा, तेवढ्यासाठीच खरंतर लिहायला बसलो होतो.