नोंदीची वेळही लिहाच
उन्हाळाभर घरी रोजचं कमाल-किमान तापमान टिपणाऱ्या हौशी निरीक्षकावरचा हा लेख मनापासून आवडला. लेखात एक गोष्ट मात्र हवी होती: नोंद किती वाजता होते? कमाल तापमापकात पारा जिथवर चढतो तिथे एक खूण अडकून राहते; नोंद झाली की ती पाऱ्यापर्यंत खाली आणायची. संध्याकाळी 5 वाजता ती खाली आणली, तर पारा अजून चढलेलाच असतो, म्हणून खूणही वरच राहते. दुसरा दिवस गार गेला तरी आदल्या दिवसाची उष्णता त्याच्या नावावर लागते आणि महिन्याची सरासरी उगाच फुगते. कमाल तापमानापुरतं तरी सकाळच्या नोंदीत हे टळतं. तापमापक सावलीत, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून 1.25 ते 2 मीटरवर हवा. भिंतीला टेकवलेला भिंतीचीच धग मोजतो. आणि पेटीची जागा बदलली, तर ते तारखेसकट वहीत लिहा, कृपया!