किराणा घ्यायला आलेल्या माणसाकडून जागेचे भाडे?

आज संध्याकाळपासून माझे डोके ठिकाणावर नाही, त्यामुळे पोस्ट लांबली तर मित्रमंडळींनी सांभाळून घ्यावे. पुण्याच्या मध्यवस्तीतील ज्या सुपरमार्केटमध्ये आम्ही महिन्याचे वाणसामान भरतो, तिथे आता तळघरात गाडी लावण्याचे पैसे घेऊ लागले आहेत. चारचाकीला तासाला चाळीस रुपये आणि दुचाकीला वीस. पहिला अर्धा तास मोफत आहे. त्यापुढे बिल हजाराच्या वर गेले असेल आणि त्यावर शिक्का मारून आणला असेल तरच सुटका, नाहीतर पैसे काढायचे.

माझ्याबरोबर आई होती. तिचे वय अठ्ठ्याहत्तर आहे, दोन्ही गुडघे दुखरे आहेत आणि तरीही स्वतः निवडल्याशिवाय तिला कोणतेही सामान पिशवीत पडलेले चालत नाही. साबुदाण्याचे पाकीट उलटून ती आधी तारीख वाचते, तूरडाळीची दोन पाकिटे उजेडाकडे धरून दाणा पाहते आणि भगर शेवटी मागच्याच ब्रँडची घेते. अशा बाईने अर्ध्या तासात सगळे आटोपून गाडीपर्यंत पोहोचावे, असा नियम ज्याने केला, त्याने आपल्या आईला कधी दुकानात नेले नसावे. शिवाय त्या अर्ध्या तासातला निम्मा वेळ तर बिलाच्या रांगेत गेला, कारण सहा काउंटरांपैकी दोनच चालू होते. म्हणजे घड्याळ त्यांचे, रांगही त्यांचीच आणि उशिराचा भुर्दंड मात्र आम्हाला. आमच्या पुढच्या गृहस्थांचे बिल हजाराला थोडे कमी पडत होते, तेव्हा त्यांनी मुलाला पळवत पाठवून बिस्किटांचे पुडे मागवले. तोवर मागची सगळी रांग खोळंबून उभी होती. आमचे बिल साडेआठशेच्या आसपास झाले. आईला म्हटले, अजून काही घेऊया का, तर ती म्हणाली, "नको असलेलं घरी नेऊन काय करू?"

आता मुद्द्याचे बोलतो. हे तळघर म्हणजे दुकानमालकाने ग्राहकांवर केलेला उपकार नव्हे. व्यापारी इमारत उभी करायची तर तिच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाहनतळ दाखवावाच लागतो, त्याशिवाय नकाशा मंजूर होत नाही. 2020 मध्ये राज्यात लागू झालेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीतही ही अट आहे आणि वाहनतळाचे क्षेत्र एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्या मोजणीत, धरले जात नाही. म्हणजे ही जागा येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाहनांसाठी आहे असे सांगून परवानगी मिळवायची, सवलत पदरात पाडून घ्यायची आणि मग त्याच जागेत उभे राहण्याचे भाडे त्याच ग्राहकाकडून वसूल करायचे. याला व्यापार म्हणत असतील तर म्हणोत, आमच्या घरी याला दुसरा शब्द आहे आणि तो मी इथे लिहीत नाही.

बरे, ही तक्रार काही मी एकटाच करतो आहे असे नाही. 2019 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने मॉल आणि मल्टिप्लेक्सना पार्किंगचे शुल्क घेण्याचा अधिकार नाही असे स्पष्ट म्हटले. त्याच वर्षी पुणे महापालिकेनेही मॉलना हे पैसे घेणे थांबवा म्हणून नोटिसा दिल्या होत्या आणि आपण सर्वांनी त्या बातमीचे कौतुक केले होते. तेलंगणा सरकारने तर 2018 मध्येच आदेश काढला की पहिला अर्धा तास सर्वांना मोफत, कितीही रकमेचे बिल दाखवले तर एक तासापर्यंत मोफत, आणि त्यापुढे बिल पार्किंगच्या रकमेपेक्षा जास्त असले तरी पुरे. यांनी त्यातला अर्धा तास तेवढा उचललेला दिसतो, पुढचे वाक्य वाचायचे राहिले असावे.

माझ्या हातातील पावतीच्या मागे बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे: "वाहन मालकाच्या जबाबदारीवर." पैसे घेताना जागा यांची आणि गाडीला ओरखडा पडला की जबाबदारी आमची! पैसे घेऊन जबाबदारी झटकता येते हे यांना कोणी शिकवले, ते मला जाणून घ्यायचे आहे.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने का होईना. फुकट तळघर दिसले की काही लोक गाडी तिथे लावून तुळशीबागेत दिवसभर हिंडतात आणि खऱ्या ग्राहकाला जागा मिळत नाही. अशा लोकांकडून खुशाल पैसे घ्या, चांगले दणकून घ्या. पण त्यासाठी साडेआठशे रुपयांचे बिल हातात धरलेल्या बाईला अडवण्याची गरज नाही. बिल दाखवले की सोडायचे, इतका साधा नियम पुरतो.

आणि याचा परिणाम काय होतो, तेही पाहा. 2018 मध्ये पुण्याच्या रस्त्यांवर पार्किंगला पैसे लावण्याचे धोरण मंजूर झाले तेव्हा केवढा गहजब झाला होता. रस्त्यावरची जागा सर्वांची, तिथे आजही बहुतेक ठिकाणी फुकट. आणि दुकानाच्या पोटात ग्राहकांसाठीच राखलेल्या जागेला मात्र तासाला चाळीस रुपये. मग शहाणा माणूस काय करणार? तो पी-1, पी-2 च्या (सम-विषम तारखांना कोणत्या बाजूला गाडी लावायची ते सांगणाऱ्या) पाट्या वाचत रस्त्याच्या कडेलाच गाडी घुसवणार, बस अडवणार आणि टोइंगवाले येतात का म्हणून दुकानातून मान वळवून पाहत राहणार. तळघर निम्मे रिकामे होते, हे मी आज स्वतः पाहिले.

बाहेर पडताना उताराच्या तोंडाशी हातात मशीन घेतलेला एक मुलगा उभा होता, जेमतेम विशीचा. मी आवाज चढवला, हे खरे आहे. तो म्हणाला, "काका, माझ्या हातात काही नाही. मशीन एंट्री सोडत नाही." आईने माझ्या दंडाला हात लावून मला गप्प केले, बटव्यातून चाळीस रुपये काढून त्याच्या हातावर ठेवले आणि विचारले, "जेवलास का रे?" त्याची पाळी रात्री दहाला संपते, मग जेवण. दिवसभर त्या धुरात उभे राहून, दर दहा मिनिटांनी माझ्यासारख्या कोणाचे तरी ऐकून घेणाऱ्या त्या पोरावर राग काढण्यात काहीच अर्थ नाही. नियम करणारे वर वातानुकूलित खोलीत बसतात, ते खाली येत नाहीत.

आता कोणीतरी खाली लिहीलच की चाळीस रुपयांसाठी एवढे रामायण कशाला. गाडीत आई पण हेच म्हणाली, आणि तिला मी उत्तर दिले नाही. तुम्हाला देतो: हेच चाळीस रुपये आपण आज मुकाट्याने दिले तर पुढच्या वर्षी तिथे साठचा फलक लागेल आणि अर्ध्या तासाची सवलत पंधरा मिनिटांवर येईल. व्यवस्थापकांच्या नावे मी पत्र लिहिले आहे, त्यात बिलाच्या रांगेतला वेळ धरू नये आणि ज्येष्ठ नागरिकांना पूर्ण तासाची सूट द्यावी, एवढेच मागितले आहे. तुमच्यापैकी जे तिथे जात असतील त्यांनी सही करायला उद्या संध्याकाळी घरी यावे. आणि तोवर खरेदीला गेलात तर लक्षात ठेवा, बिलावर शिक्का मारणारी खिडकी पहिल्या मजल्यावर आहे, तळघरात उतरल्यावर पुन्हा वर चढावे लागते, आणि हे फलकावर कुठेही लिहिलेले नाही.