जिमखाना फी ऐच्छिक केली तर नुकसान कुणाचं?

प्रवेशाचे दिवस आले की नाशिकमधल्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. सारांश असा: जिमखाना फी, म्हणजे खेळ-व्यायामाच्या सोयींसाठी कॉलेज सगळ्यांकडून घेतं ती फी, ही लूट आहे. जो खेळत नाही त्याने ती का भरायची? बाहेर पाहिजे तेवढ्या जिम आहेत, गरिबांवर उगाच बोजा पडतो आणि एवढं करून खेळाडू तरी कुठे घडतात? म्हणून फी ऐच्छिक करा.

यामागची चीड मला कळते. फी भरूनही व्यायामशाळेला कुलूप दिसलं तर राग येणारच. पण सुचवलेला उपाय घातक आहे.

‘वापरेल त्याने भरावी.’ हिशेब करून पाहू. समजा कॉलेजात ४,००० मुलं आहेत आणि प्रत्येकाकडून २०० रुपये घेतात. जमले ८ लाख. फी ऐच्छिक झाली आणि ४०० जणांनीच भरली, तर तेवढ्याच सोयींसाठी प्रत्येकाला २,००० मोजावे लागतील. ते ऐकून आणखी काही जण गळतील आणि उरलेल्यांचा आकडा पुन्हा चढेल. मैदानाची निगा, कबड्डीची मॅट, झोनल म्हणजे विभागीय स्पर्धांना जाणाऱ्या संघाचा प्रवास, यांचा खर्च भरणारे घटले म्हणून घटत नाही. वर्षभरात एकही पुस्तक न काढणारा ग्रंथालय शुल्क भरतोच, त्यावर कुणी मेसेज काढत नाही. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत असं शुल्क सगळ्यांकडूनच घेतात, मात्र नवं संकुल बांधण्याआधी बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांचं मतदान होतं. ती पद्धत आपल्याकडे यायला हवी.

‘बाहेर जिम आहेत.’ शहरात, गंगापूर रोडला राहणाऱ्यासाठी आहेत. पेठ-सुरगाण्यासारख्या लांबच्या तालुक्यांतून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या किंवा दिंडोरीहून रोज एसटीने येणाऱ्या मुलीसाठी नाहीत. खासगी जिमचे पैसे तिच्याकडे नसतात, संध्याकाळी थांबलं तर शेवटची गाडी चुकते. दोन तासिकांच्या मधला मोकळा वेळ आणि कॉलेजचं आवार, एवढंच तिच्या हातात असतं. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. आवारातली सोय बंद पडली तर ही दरी वाढेल, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

‘गरिबांवर बोजा.’ हा मुद्दा खरा आहे. राज्याने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या पात्र मुलींना दिलेली माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. जिमखान्यासारखी इतर शुल्कं त्यांना भरावी लागतात. तेव्हा मागायचंच असेल तर या मुलींना जिमखाना फीतूनही सूट मागा.

‘खेळाडू घडत नाहीत.’ पदकं हा या फीचा मुख्य हेतूच नाही. तरीही आपल्याच जिल्ह्याकडे बघा. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये रौप्य मिळवलं. चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला गेला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकानयनात सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होता. नौकानयन तो शिकला सैन्यात गेल्यावर. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा स्वतःच्या पैशाने शर्यतीची बोट घेऊ शकत नाही, ती एखाद्या संस्थेनेच पुरवावी लागते. तालुक्यांतून येणाऱ्या बहुतेक मुलांसाठी ती संस्था म्हणजे त्यांचं कॉलेज.

राहिला लुटीचा आरोप. तो जिथे खरा असेल तिथे हिशेब मागा. अनुदानित महाविद्यालयं माहिती अधिकाराखाली येतात: दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थी प्रतिनिधींनाही जागा दिली आहे. तिथे तीन गोष्टी लेखी विचारा: जिमखान्याच्या नावाने किती जमले, त्यातले मैदान आणि साहित्यावर किती गेले, आणि व्यायामशाळा मुलींसाठी रोज किती ते किती उघडी असते.