ग्रीक नगरराज्ये केवळ डोंगरांनी घडवली नाहीत

ग्रीसच्या डोंगरांनी माणसे एकमेकांपासून तोडली म्हणून तेथे नगरराज्ये झाली, जमीन नापीक होती म्हणून ग्रीक दर्यावर्दी झाले आणि हवा सौम्य असल्यामुळे लोक उघड्यावर जमून चर्चा करू लागले व त्यातून लोकशाही जन्मली, असे स्पष्टीकरण स्पर्धा परीक्षांच्या टिपणांपासून समाजमाध्यमांपर्यंत सर्वत्र फिरत असते. ते लक्षात ठेवायला सोपे आहे. पण ग्रीसचा नकाशा समोर ठेवून तपासले, तर त्यातील एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

प्रथम डोंगरांचा मुद्दा पाहू. राज्ये डोंगरांमुळे वेगळी झाली असतील, तर सपाटीवर ती एक व्हायला हवी होती. मध्य ग्रीसमधील बिओशियाच्या सपाटीवर मात्र थीब्ज, प्लाटिया, थेस्पिया अशी स्वतंत्र राज्ये शेजारी शेजारी होती. थीब्ज आणि प्लाटिया यांच्यामध्ये डोंगर नाही, आसोपस ही लहानशी नदी आहे. तरी त्यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्या चालले. केआ हे बेट जेमतेम १३० चौरस किलोमीटरचे, आणि त्यावर चार नगरराज्ये होती. उलट सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचा अ‍ॅटिका प्रदेश हायमेटस, पेंटेलिकस असे डोंगर मध्ये असूनही एकट्या अथेन्सच्या राज्यात सामावला, आणि स्पार्टाने तर २,४०० मीटर उंचीच्या टायगेटस पर्वतापलीकडचा मेसेनिया प्रांत जिंकून इ.स.पू. ३६९ पर्यंत आपल्या ताब्यात ठेवला. दक्षिण इटलीच्या सपाट किनाऱ्यावर मेटापाँटम वसवतानाही ग्रीकांनी नगरराज्यच उभारले, कारण ती कल्पना ते घरून सोबत घेऊन गेले होते.

नापीक जमिनीचे विधान अर्धे खरे आहे, म्हणूनच ते अधिक फसवे आहे. अथेन्समध्ये वर्षाला सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः हिवाळ्यात. आपल्याकडील अवर्षणप्रवण तालुक्यांची आठवण व्हावी इतका कमी. गव्हाचा भरवसा नसल्यामुळे तेथील शेतकरी जव अधिक पेरत, आणि इ.स.पू. चौथ्या शतकात शहराचे बरेचसे धान्य काळ्या समुद्राकडून येत असे. पण उपासमारीनेच माणसे समुद्रावर गेली असती, तर वसाहतींच्या लाटेत अ‍ॅटिका सर्वांत पुढे असता. प्रत्यक्षात पश्चिमेकडील पहिली मोठी वस्ती, इटलीजवळच्या बेटावरील पिथेकुसाई, इ.स.पू. आठव्या शतकात युबिया या ग्रीक बेटावरच्या लोकांनी वसवली, ज्यांच्याकडे लेलांटाईनचे सुपीक मैदान होते. काळ्या समुद्राभोवती वसाहती पेरणाऱ्या मिलेटस या आशिया मायनरमधील ग्रीक नगराजवळही मिअँडर नदीचे समृद्ध खोरे होते. थेरा बेटावर सात वर्षे पाऊस पडला नाही आणि त्यामुळे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सायरीनी वसली, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो हे खरे. परंतु तोच हेही सांगतो, की प्रत्येक घरातील भावांपैकी कोणी जायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवण्यात आले. दुष्काळाने निकड निर्माण केली, तिचा निवाडा मात्र माणसांनी केला.

लॉरिअनच्या खाणींतील चांदीही अ‍ॅटिकाच्याच जमिनीत होती. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास तेथून मोठे उत्पन्न आले, तेव्हा ते प्रत्येकी दहा द्राख्मा (ग्रीक चांदीची नाणी) याप्रमाणे नागरिकांत वाटून टाकण्याचा विचार चालला होता. अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याने त्यातून युद्धनौका बांधण्याचा आग्रह धरला, सभेने तो मानला आणि अथेन्सची सागरी सत्ता उभी राहिली.

सौम्य हवेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. बिओशियातील आपले आस्क्रा गाव हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात त्रासदायक आणि कधीच चांगले नसते, अशी प्राचीन ग्रीक कवी हिसिअडची तक्रार आहे. आणि जवळजवळ त्याच हवामानात राहणाऱ्या स्पार्टात दोन राजे आणि वृद्धांचे मंडळ होते, अथेन्सची लोकशाही नव्हे.

त्या लोकशाहीचा भूगोलाशी संबंध होता, पण तो या दाव्याच्या नेमका उलट दिशेचा: भूगोलाने लोकशाही घडवली नाही, लोकशाहीने भूगोलाने पाडलेली फूट सांधली. इ.स.पू. सहाव्या शतकात अ‍ॅटिकामध्ये मैदानवासी, किनारपट्टीवासी आणि डोंगरवासी असे तीन गट एकमेकांशी झगडत होते. इ.स.पू. ५०८-५०७ मध्ये अथेन्सचा नेता क्लेइस्थेनीस याने नागरिकांचे दहा नवे गण (विभाग) निर्माण केले आणि प्रत्येक गणात एक भाग शहराचा, एक किनाऱ्याचा व एक अंतर्भागाचा घेतला. प्रत्येक गणातून पन्नास जण पाचशेंच्या परिषदेत बसू लागले, आणि किनाऱ्यावरचा कोळी व आतल्या खेड्यातला शेतकरी युद्धात एकाच गणाच्या पथकात उभे राहू लागले.